अलेक्झांडर डफसाहेब व मुळाक्षरांची शाळा

गांवोगांव शाळा चालविणाऱ्या आमच्या बंधुभगिनींस आम्ही आज अशा एका शिक्षकांचें चरित्र सांगतों, कीं ज्यांनीं मोठे विद्वान असूनही लहान मुलांस इंग्रजी मुळाक्षरें शिकविण्यांत कमीपणा मानिला नाहीं. ते म्हणजे डॉ. अलेक्झांडर डफ होत.

डफसाहेबांचा जन्म स्कॉटलंडांत मूलिन येथें ता. २५ एप्रिल १८०६ रोजीं झाला. सेंट अँड्र्यूज येथें थोर उपदेशक टॉमस चामर्स हे त्यांचे गुरु होते. १८२९ सालीं दीक्षा घेऊन ते सपत्नीक हिंदुस्थानास निघाले. वाटेंत, १८३० च्या फेब्रुवारींत, केप ऑफ गुड होपनजीक त्यांचें गलबत फुटलें. प्राण वांचले, परंतु आठशेंहून अधिक ग्रंथ समुद्रानें गिळले. किनाऱ्यास लागलें तें केवळ पवित्र शास्त्र व स्तोत्रांचें पुस्तक. दुसरें गलबतही गंगेच्या मुखाशीं वादळांत रुतलें. अशा रीतीनें मे महिन्याच्या अखेरीस, चोवीस वर्षांचा हा तरुण जवळजवळ रिक्त हस्तानें कलकत्त्यास पोंचला.

ता. १३ जुलै १८३० रोजीं त्यांनीं शाळा उघडिली. राजा राममोहन राय यांनीं जागा मिळवून दिली, पहिले विद्यार्थी आणिले आणि पवित्र शास्त्र वाचण्यास भिणाऱ्या मुलांस स्वतः येऊन धीर दिला. थोड्याच दिवसांत शेंकडों मुलें जमलीं; परंतु बहुतेकांस इंग्रजीचें एक अक्षरही ठाऊक नव्हतें. तेव्हां डफसाहेब रोज सहा तास मुळाक्षरें शिकवीत व रात्रीं त्यांच्यासाठीं सोपीं क्रमिक पुस्तकें रचीत. हें काम मिशनरीस शोभत नाहीं, असें म्हणणारे पुष्कळ होते. डफसाहेबांनीं तिकडे लक्ष दिलें नाहीं.

त्यांची रीत ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. केवळ घोकंपट्टी त्यांस मान्य नव्हती. दोन अक्षरें जोडून बैल या अर्थाचा सोपा इंग्रजी शब्द ते बनवीत, त्याचा अर्थ बंगालींत सांगत आणि मग त्या ओळखीच्या प्राण्याविषयीं प्रश्न विचारीत. मुलाच्या अंगणांतील वस्तूपासून परभाषेची वाट सुरू होई. वर्षाअखेर जाहीर परीक्षा झाली, तेव्हां मुलांची प्रगति पाहून नगरांतील लोक थक्क झाले.

पुढें संकटें आलीं. १८३२ सालीं कृष्णमोहन बानर्जी आदिकरून तरुणांनीं बाप्तिस्मा घेतला, तेव्हां शहरांत मोठी खळबळ उडाली. १८४३ सालीं स्कॉटलंडांतील मंडळी दुभंगली. डफसाहेब फ्री चर्चकडे गेले आणि स्वतः उभारलेली इमारत, ग्रंथ व उपकरणें त्यांस सोडावीं लागलीं. तरी त्यांनीं पुनः आरंभ केला. ज्याचे ग्रंथ एकदां समुद्रांत गेले होते, त्यास आरंभ करणें नवीन नव्हतें. कलकत्ता विद्यापीठाच्या स्थापनेंतही (१८५७) त्यांचा हात होता. १८६३ सालीं प्रकृति खालावल्यामुळें ते स्वदेशीं परतले व १८७८ सालीं प्रभूच्या विसाव्यांत गेले. त्यांच्या दोन्ही शाळा १९०८ सालीं पुनः एक झाल्या.

त्यांचें सर्वच बरोबर होतें असें आम्ही म्हणत नाहीं. देशी वाङ्मयाविषयीं त्यांचीं मतें फार कठोर होतीं. शिवाय पुष्कळ मुलें केवळ चाकरीच्या आशेनें येत. तथापि त्यांच्या शाळेंत १८३४ सालीं वर्धमान जिल्ह्यांतील एका खेड्यांतला लालबिहारी डे नांवाचा मुलगा आला. इंग्रजी शिकून मुलानें पोट भरावें, एवढीच बापाची इच्छा होती. तो मुलगा १८४३ सालीं ख्रिस्ताचा झाला, पुढें पाळक झाला आणि १८७४ सालीं त्यानें बंगालच्या गरीब रयतेची सुखदुःखें इंग्रजी ग्रंथांत जगापुढें मांडिलीं. पोटासाठीं शिकलेली भाषा अशी गांवाच्या कामीं आली.

प्रिय वाचकहो, आमच्या खेड्यांतील आईबापही आज मुलांस इंग्रजी यावें म्हणून झटतात. त्यांस आम्ही दोष देत नाहीं. परंतु शिक्षकानें मुलाच्या मायबोलीस दाराबाहेर उभें करूं नये. तिचाच हात धरून त्यास पुढें न्यावें. आणि फाटक्या पाटीवर पहिलें अक्षर काढून देणें हें हलकें काम आहे, असें कोणास वाटल्यास त्यानें डफसाहेबांचे ते सहा तास आठवावे.