बर्फातून वाट काढणारा कारागीर

मुंबईत पश्चिम रेल्वेच्या मार्गावर २०१५ मध्ये नव्या बांधणीच्या लोकल गाड्या धावू लागल्या, तेव्हा त्यांच्या विद्युत यंत्रणेमुळे ‘बॉम्बार्डियर’ हे नाव प्रवाशांच्या तोंडी रुळले. हे नाव एका खेड्यातील गॅरेजवाल्याचे होते, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असेल. रेल्वेशी त्याचा काही संबंध नव्हता. जिथे रस्ताच उरत नाही, तिथे गाडी कशी चालवावी, एवढ्या एकाच प्रश्नाचा पाठपुरावा त्याने आयुष्यभर केला आणि त्या प्रश्नाने त्याच्याकडून फार मोठी किंमत वसूल केली.

जोसेफ-आर्मां बॉम्बार्डियर यांचा जन्म १६ एप्रिल १९०७ रोजी कॅनडातील क्युबेक प्रांतात व्हाल्कोर या गावी झाला. शेतकरी वस्तीचे हे गाव हिवाळ्यात जगापासून तुटत असे. त्या काळी ग्रामीण रस्त्यांवरील बर्फ हटवण्याची व्यवस्था नव्हती. मोटारगाड्या कित्येक महिने कोठारात उभ्या राहत आणि घोड्यांच्या घसरगाड्या बाहेर निघत. आर्मां यांना लहानपणापासून यंत्रांचे वेड होते. जुन्या घड्याळांचे भाग जमवून ते चालती खेळणी बनवत. मुलाने धर्मगुरू व्हावे या इच्छेने वडिलांनी त्यांना शेरब्रुक येथील धर्मशाळेत घातले. परंतु त्यांचे मन तेथे रमले नाही.

मुलाला काहीतरी उद्योग हवा म्हणून वडिलांनी फोर्ड मोटारीचे एक जुने इंजिन त्यांना दिले. ३१ डिसेंबर १९२२ रोजी, वयाच्या अवघ्या १५व्या वर्षी, आर्मां यांनी ते इंजिन एका घसरगाडीवर बसवले, त्याला विमानासारखा लाकडी पंखा जोडला आणि धाकटा भाऊ लिओपोल्ड याच्या साथीने ती गाडी गावातून पळवली. उघडा गरगरता पंखा पाहून वडील घाबरले आणि त्यांनी ती गाडी तत्काळ मोडून टाकायला लावली. गाडी मोडली, पण तिच्यामागची कल्पना मुलाच्या डोक्यातून गेली नाही.

पुढे धर्मशाळा सोडून आर्मां यांनी गॅरेजमध्ये उमेदवारी केली. मॉन्ट्रियल येथे काम करता करता त्यांनी यंत्रशास्त्र व विद्युतशास्त्राचे शिक्षणही घेतले. १९२६ मध्ये, १९व्या वर्षी, वडिलांच्या आर्थिक साहाय्याने त्यांनी व्हाल्कोर येथे स्वतःचे गॅरेज उघडले. जी हत्यारे विकत मिळत नव्हती किंवा परवडत नव्हती, ती त्यांनी स्वतः घडवली. शेजारच्या ओढ्यावर बांध घालून त्यावर विजेची सोय केली. उन्हाळ्यात मोटारदुरुस्तीवर संसार चाले. हिवाळ्यात ग्राहक येत नसत, आणि तोच काळ प्रयोगांचा असे. जुन्या मोटारींचे सांगाडे लांबवायचे, पुढच्या चाकांच्या जागी घसरपट्ट्या लावायच्या, मागे पट्टे चढवायचे, बर्फात नेऊन पाहायचे, मोडले की पुन्हा जोडायचे, असा क्रम वर्षानुवर्षे चालला.

अडचण साधी दिसत असली तरी बिकट होती. मोटारीचे सारे वजन चार चाकांच्या लहानशा जागेवर पडते आणि चाके भुसभुशीत बर्फात रुततात. वजन रुंद पट्ट्यावर पसरले, तर गाडी बर्फावर तरंगल्यासारखी राहते. परंतु पट्टा फिरवणाऱ्या लोखंडी दातेरी चाकात बर्फ साचून गोठतो आणि पट्टा अडकतो किंवा निसटतो. शिवाय तेव्हाची इंजिने वजनाला जड होती. गाडी हलकी केली तर ताकद कमी पडे आणि ताकद वाढवली तर गाडी रुते. या पेचात जवळपास दहा हिवाळे गेले. दरम्यान, १९२९ मध्ये आर्मां यांचा विवाह इव्होन लाब्रेक यांच्याशी झाला होता व घरात मुले खेळू लागली होती.

१९३४ च्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा इव्हों आजारी पडला. आंत्रपुच्छाचा दाह पोटात पसरला होता व तातडीने शस्त्रक्रिया आवश्यक होती. रुग्णालय शेरब्रुकला, सुमारे ५० किलोमीटरवर. सारे रस्ते बर्फाखाली गेलेले. ज्या गाडीसाठी बापाने इतकी वर्षे खटपट केली होती, ती अद्याप भरवशाची झालेली नव्हती. मुलगा दगावला.

या आघातानंतर बॉम्बार्डियर यांनी काम थांबवले नाही, उलट ते अधिक नेटाने कामाला लागले. त्यांनी दातेरी चाकाला रबराचे आवरण दिले आणि रबरी पट्ट्यांना पोलादी आडव्या पट्ट्यांनी जोडून सलग पट्टा तयार केला. रबरावर बर्फ धरत नसल्याने पट्टा अडेनासा झाला. १९३७ मध्ये या रचनेचे पेटंट त्यांना मिळाले. त्याच सुमारास सात प्रवाशांची ‘बी-७’ ही बंदिस्त गाडी विक्रीस आली. डॉक्टर, धर्मगुरू, व्यापारी, टपाल पोहोचवणारे असे ज्यांचे काम हिवाळ्यात थांबून चालत नसे, ते तिचे ग्राहक ठरले. पाठोपाठ गोल खिडक्यांची, १२ आसनांची ‘बी-१२’ आली. शाळकरी मुलांना शाळेत आणि रुग्णांना रुग्णालयात नेण्यासाठी तिचा वापर होऊ लागला. १९४२ मध्ये रीतसर कंपनीची स्थापना झाली. महायुद्धाच्या काळात कॅनडा सरकारने लष्करासाठीही त्यांच्याकडून बर्फगाड्या बनवून घेतल्या.

युद्ध संपले आणि अनपेक्षित संकट उभे राहिले. १९४८ मध्ये क्युबेक सरकारने ग्रामीण रस्त्यांवरील बर्फ हटवण्याचा निर्णय घेतला. मोटारी हिवाळ्यातही धावू लागल्या आणि बर्फगाड्यांची विक्री झपाट्याने घसरली. खेड्यापाड्यांतील आईबापांच्या दृष्टीने ही इष्टापत्ती होती. १४ वर्षांपूर्वी असा रस्ता असता, तर इव्हों कदाचित वाचला असता. आता तो रस्ता आला होता, आणि त्यानेच बापाचा धंदा धोक्यात आणला होता.

बॉम्बार्डियर यांनी रडगाणे गाण्याऐवजी दुसरी बिनरस्त्याची भूमी शोधली. दलदल, घनदाट जंगल, खाणींचा परिसर येथे चाकांची गाडी तशीच हतबल ठरते. शेतकऱ्यांच्या ट्रॅक्टरला लावता येतील असे पट्टे त्यांनी बनवले. १९५३ मध्ये ‘मस्केग’ हा दलदलीतून चालणारा पट्ट्यांचा ट्रॅक्टर बाजारात आला आणि जंगलतोड, खाणकाम व तेलशोधाच्या कामात त्याने जम बसवला.

एक-दोन माणसांची हलकी बर्फगाडी हे मात्र त्यांचे तरुणपणापासूनचे स्वप्न होते. हलकी इंजिने मिळू लागली आणि पुत्र जर्मेन यांनी बिनजोड रबरी पट्टा विकसित केला, तेव्हा ते शक्य झाले. १९५९ मध्ये ‘स्की-डू’ अवतरली. उत्तरेकडील दुर्गम वस्त्यांतील धर्मप्रसारक आणि शिकारी यांच्यासाठी, कुत्र्यांच्या घसरगाडीला पर्याय म्हणून तिची योजना होती. पाहता पाहता ती हिवाळी क्रीडेचे साधन बनली. या यशाचा पुरता विस्तार पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १८ फेब्रुवारी १९६४ रोजी, वयाच्या ५६व्या वर्षी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात कंपनीने रेल्वे आणि विमाननिर्मितीत मोठी झेप घेतली. २००३ मध्ये बर्फगाड्यांचा व्यवसाय वेगळा झाला, तर २०२१ मध्ये रेल्वे व्यवसाय फ्रान्सच्या अल्स्टॉम कंपनीकडे गेला. व्हाल्कोर येथे त्यांच्या नावाचे संग्रहालय असून त्यांचे ते जुने गॅरेजही तेथे जतन करण्यात आले आहे. एखादा प्रश्न सुटायला किती हिवाळे लागतात आणि तेवढ्या अवधीत काय गमवावे लागते, याची साक्ष त्या लहानशा वास्तूइतकी अन्यत्र क्वचितच मिळेल.