प्राध्यापक टॉल्किन आणि जुने काव्य

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' हा चित्रपट आपल्या तरुणांनी पाहिला असेल. त्या कथेचे लेखक जे. आर. आर. टॉल्किन पेशाने प्राध्यापक आणि श्रद्धेने कॅथोलिक होते, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

जन्म १८९२ चा, आजच्या दक्षिण आफ्रिकेतला. वडील लवकर वारले. १९०० साली इंग्लंडमध्ये आई मेबल यांनी कॅथोलिक श्रद्धा स्वीकारली आणि नातलगांनी मदतीचा हात आखडला. १९०४ मध्ये मधुमेहाने त्याही गेल्या. इन्सुलिन तेव्हा नव्हते. बर्मिंगहॅमच्या फादर फ्रान्सिस मॉर्गन यांनी दोन्ही मुलांचे पालकत्व घेतले, पदरमोडही केली.

१९२५ पासून टॉल्किन ऑक्सफर्डमध्ये प्राचीन इंग्रजी शिकवू लागले. 'बेओवुल्फ' हे ३,१८२ ओळींचे काव्य त्यांच्या जिव्हाळ्याचे. विद्वान त्यात इतिहासाचे तुकडे शोधीत आणि त्यातल्या राक्षसांना पोरखेळ समजत. १९३६ च्या व्याख्यानात टॉल्किन यांनी ठासून सांगितले की हे आधी काव्य आहे आणि राक्षस हाच त्याचा गाभा आहे. कवी ख्रिस्ती, पण बाप्तिस्मा न झालेल्या जुन्या वीरांना त्याने तुच्छ लेखले नाही. शेवटी पराभव ठरलेला, तरी ते लढले, याचा त्याने मान राखला. सेमिनरीत ग्रीक तत्त्वज्ञ वाचताना आम्हांलाही असेच वाटे.

'बेओवुल्फ'चे त्यांनी केलेले भाषांतर १९२६ च्या सुमारास पुरे झाले. छापले गेले २०१४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर ४१ वर्षांनी. १९६६ च्या जेरुसलेम बायबलमधील योनाच्या पुस्तकालाही त्यांचा हात लागला आहे. थोरला मुलगा जॉन धर्मगुरू झाला.