न्यूगेट तुरुंगातील फ्रायबाई

एलिझाबेथ फ्राय हे नाव आपल्या वस्तीत फारसे कुणी ऐकलेले नसेल. आम्हीही ते उशिराच ऐकले. लंडनच्या न्यूगेट तुरुंगात बायकांची काय दशा होती आणि एका श्रीमंत घरच्या बाईने तिथे जाऊन काय केले, ते आपल्यापुढे ठेवावेसे वाटते, म्हणून हा खटाटोप.

तिचा जन्म २१ मे १७८० चा, इंग्लंडातल्या नॉर्विच शहरचा. माहेर गर्नी, लोकर आणि बँकेच्या धंद्यातले बडे घराणे. बारा वर्षांची असताना आई गेली. ही मंडळी क्वेकर पंथाची. या पंथात पुरोहित नाही, आणि सभेत बाई बोलायला उठली तर तिला कुणी खाली बसवत नाही. तिचा पुढचा सगळा धीर इथूनच आला असावा, असे आम्हाला वाटते. १८०० साली जोसेफ फ्राय यांच्याशी लग्न होऊन ती लंडनला आली. मुले अकरा झाली.

१८१३ साली एका परदेशी क्वेकर प्रचारकाने न्यूगेटमधली दैना पाहिली आणि तिच्या कानावर घातली. ती स्वतः बघायला गेली. दोन मोठ्या खोल्या आणि दोन कोठड्या, त्यात सुमारे तीनशे बाया आणि त्यांची पोरं. फाशीची वाट बघणारी, किरकोळ चोरीतली, खटला अजून उभाच न राहिलेली, सगळ्या एकत्र. तिथंच चूल, तिथंच धुणं, तिथंच जमिनीवर निजणं. दारू तुरुंगातच विकत मिळे. काठीला लाकडी चमचा बांधून बाया तो गजांतून बाहेर काढीत, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे पैसे मागत आणि दारूत घालवीत. आत जायला खुद्द तुरुंगाचे अधिकारीही कचरत. बाईने उघड्यानागड्या पोरांसाठी फ्लॅनेलचे कपडे नेऊन दिले.

मग जवळजवळ चार वर्षे खंड पडला. बाळंतपणं, आजारपणं, त्यात एक लहानगी लेक दगावली. संसारी बाईचं हेच असतं. पण १८१६ च्या अखेरीस ती परत गेली. या खेपेस तिने पोरांपासून सुरुवात केली. पोरांसाठी शाळा काढू या का, असे तिने कैदी आयांनाच विचारले. शिक्षिकाही त्यांनी आपल्यातूनच निवडली, घड्याळ चोरल्याबद्दल आत आलेली एक शिकलेली मुलगी. रिकाम्या कोठडीत शाळा भरू लागली. मोठ्या बायाही दाराशी येऊन, आम्हालाही शिकवा, काम द्या, म्हणून विनवू लागल्या.

१८१७ साली बारा बायकांची समिती झाली. शिवणकाम, विणकाम सुरू झाले. नियम तयार केले, पण ते भिंतीवर चिकटवून मोकळे झाले नाहीत. एकेक नियम कैद्यांपुढे वाचायचा, त्यांनी हात वर करून मान्य करायचा, मगच तो लागू. आम्हाला या साऱ्या चरित्रात मोठी वाटते ती हीच गोष्ट. ज्या बायांना बाहेरच्या जगात मत नव्हते, त्यांनी तुरुंगात हात वर केला! रोज बायबलही वाचले जाई. तिच्या दृष्टीने ते धर्मकार्यच होते, हे लपवायचे कारण नाही.

१८१८ साली पार्लमेंटच्या समितीपुढे तिने साक्ष दिली. स्त्री कैद्यांवर स्त्री पहारेकरीच हव्यात, ही गोष्ट १८२३ च्या कायद्यात आली.

काळ्या पाण्यासारखी तिकडेही शिक्षा होती, ऑस्ट्रेलियाला धाडण्याची. बायांना बेड्या घालून उघड्या गाड्यांतून बंदरावर नेत आणि लोक चिखल फेकीत. बाईने बंद गाड्या मिळवल्या आणि पहिल्या वेळी स्वतः सोबत गेली. समितीतर्फे प्रत्येकीला सुया, दोरा, कात्री आणि कापडाचे तुकडे मिळत. आम्ही पडलो गिरणी कामगार, चिंधी म्हटली की आमचे कान टवकारतात. १८४१ साली राजा नावाच्या जहाजावर कैदी बायांनी असे अडीच हजारांहून जास्त तुकडे जोडून भलीमोठी गोधडी शिवली. ती आता कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहे.

सगळंच जमलं असं नाही. १८१८ साली हॅरिएट स्केल्टन नावाच्या बाईला बँक ऑफ इंग्लंडच्या खोट्या नोटा खपवल्याबद्दल फाशी झाली. आपल्या माणसाच्या सांगण्यावरून तिने ते केले होते. फ्रायबाई थेट गृहमंत्री लॉर्ड सिडमथ यांच्यापर्यंत गेली. ते उलट रागावले, आणि हॅरिएट फासावर गेलीच. नोटांच्या गुन्ह्यासाठी फाशी बंद व्हायला १८३२ साल उजाडले.

१८२८ साली नवऱ्याची बँक बुडाली. पंथाने त्याला बाहेर काढले. घर सोडून तुरुंगात फिरते, म्हणून बाईला बोलणारे होतेच, त्यांना आणखी जोर आला. तरी तिचे जाणे थांबले नाही. १२ ऑक्टोबर १८४५ रोजी रॅम्सगेट इथे ती वारली. न्यूगेट १९०२ पासून पाडायला घेतला. त्या जागी आता न्यायालय उभे आहे.

२००२ साली बँक ऑफ इंग्लंडने पाच पौंडांच्या नोटेवर तिचे चित्र छापले, मागे न्यूगेटच्या बायांना वाचून दाखवतानाचा देखावा. हॅरिएटला फासावर चढवले ते याच बँकेच्या नोटांपायी. ती नोट २०१७ पर्यंत चालू होती.