रॉबर्ट हूक : स्प्रिंगचा आणि सांध्याचा शास्त्रज्ञ

अकरावीच्या भौतिकशास्त्रात हूकचा नियम येतो. मुलं सूत्र पाठ करतात, गणितं सोडवतात आणि पुढच्या धड्याला लागतात. हा हूक कोण, हे सांगायचं मात्र राहूनच जातं.

रॉबर्ट हूकचा जन्म १८ जुलै १६३५ रोजी इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावर झाला. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक. तब्येत नाजूक म्हणून सुरुवातीचं शिक्षण घरीच झालं. पण हात स्वस्थ नसत. सुटं केलेलं पितळी घड्याळ पाहून त्याने तसंच लाकडाचं बनवलं. तेरा वर्षांचा असताना वडील वारले. पुढे लंडनला शाळा आणि मग ऑक्सफर्ड. तिथे रॉबर्ट बॉइल यांना त्याने हवेचा पंप बनवून दिला. १६६२ मध्ये रॉयल सोसायटीत प्रयोग करून दाखवण्याचं काम मिळालं. १६६५ च्या 'मायक्रोग्राफिया' या पुस्तकात त्याने बुचातल्या सूक्ष्म कप्प्यांना 'सेल' हे नाव दिलं. १६६६ मध्ये लंडन जळालं, तेव्हा शहराची मोजणी करणाऱ्यांतही तो होता.

१६७६ मध्ये त्याने एका सांध्याचं वर्णन छापलं. दोन दांडे एका रेषेत नसले तरी मधल्या क्रॉसमुळे एकाचं फिरणं दुसऱ्याला मिळतं. अशा सांध्याची कल्पना आधीही होती. पण हूकने ओळखलं, की पहिला दांडा एकसारखा फिरला तरी दुसरा तसा फिरत नाही. १६७८ मध्ये स्प्रिंगचा नियम आला : ताण जितका, तितकी वाढ.

या दोन्ही गोष्टी आज ट्रकखाली एकत्र दिसतात. खडकाळ रस्त्यासाठी काहीजण स्प्रिंग बदलून गाडी उंच करतात. मग गिअरबॉक्सकडून मागच्या ॲक्सलकडे जाणारा शाफ्ट जास्त तिरका होतो. सांध्याचा कोन १० अंश असेल, तर एका फेऱ्यात वेग सुमारे दीड टक्का कमी-जास्त होतो. ३० अंशांना तो १३ टक्के घटतो आणि १५ टक्के वाढतो, तेही प्रत्येक फेऱ्यात दोनदा. दोन्ही टोकांचे कोन सारखे असले, तर एका सांध्याची चूक दुसरा भरून काढतो. मधला शाफ्ट मात्र धक्के खातच राहतो. गाडी थरथरते, क्रॉसची बेअरिंग झिजतात. म्हणून पाट्याखाली पाचर घालून ॲक्सलचा कोन जुळवतात, शाफ्टची लांबीही तपासतात. एक गोष्ट बदलली की तिच्याशी जोडलेली दुसरीही बघावी लागते.

हूकचा न्यूटनशी वाद झाला. ३ मार्च १७०३ रोजी तो वारला. आज त्याचं एकही खात्रीचं चित्र उपलब्ध नाही. पुढच्या वेळी हा नियम शिकवताना मुलांना गॅरेजमध्ये न्या आणि उभ्या, बंद गाडीखाली वाकून बघायला सांगा. चेहरा नाही, पण त्याचं काम तिथे नक्की दिसेल.