गुरांमागे गेलेली शाळा

माझी थोरली बहीण दुसरीतूनच शाळेबाहेर पडली. आईवडील रोवणीला गेले की मला सांभाळायला घरात दुसरे कोणी नव्हते. तिच्या कडेवर वाढलेला मी आज देवरीच्या महाविद्यालयात शिकतो आणि ती मात्र अक्षरांवाचून राहिली. कै. ताराबाई मोडक यांचे चरित्र वाचताना म्हणूनच मी वारंवार थांबलो.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. लग्नानंतर त्या आपल्या विदर्भात, अमरावतीस आल्या. पण तो संसार टिकला नाही. पुढे राजकोटला अध्यापिका विद्यालयाचे काम पाहून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या. माँटेसरी पद्धत त्यांनी तेथे आत्मसात केली. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला, तर १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाले.

तरी एक प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. महागडी साधने लागणारे हे शिक्षण गरिबाच्या पोराला कसे मिळावे? १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. शंख-शिंपले, खडे, बिया, पाने हीच आता साधने झाली. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच वस्तीतल्या अंगणात भरू लागली.

१९५७ साली त्यांनी काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत नेले. तेथील मुले गुरे राखीत, म्हणून गुरांमागे कुरणात 'कुरणशाळा' गेली. बहिणींच्या कडेवर भावंडे असत, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी 'विकासवाडी' उभी राहिली. मुलांवर आळशीपणाचा शिक्का न मारता त्यांनी गैरहजेरीचे कारण शोधले, आणि मुलाऐवजी शाळा बदलली. मला हेच त्यांचे खरे मोठेपण वाटते.

१९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या निवर्तल्या. पुढे १९७५ साली सुरू झालेल्या सरकारी योजनेतून 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला.

आपल्यापैकी अनेकजण उद्या शिक्षक होतील. घरी गोंडी बोलणारे मूल वर्गात गप्प बसले, तर त्याला मंद समजण्याआधी आपण त्याचे चार शब्द शिकून घेऊ का?

हा अंक हाती आला की मी तो गावी नेणार आहे. ताईला हा लेख मलाच वाचून दाखवावा लागेल.