नसरीन मोहमदी : न मांडलेली छायाचित्रे

संग्रामपूर : दिल्लीत २००८ पासून भरणारा कलामेळा आणि मुंबईत नोव्हेंबर २०२३ मध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुरू झालेला 'आर्ट मुंबई' हा मेळा, यांमुळे चित्रांबरोबर छायाचित्रांनाही बाजारात स्थान मिळू लागले आहे. तरी रंगीत कॅनव्हाससमोर रेंगाळणारा प्रेक्षक काळ्या-पांढऱ्या छायाचित्रांच्या दालनातून बहुधा झपझप पुढे निघून जातो. भारतातील आधुनिकतावादी छायाचित्रणाचा विषय निघाला की ज्यांचे नाव टाळता येत नाही, त्या नसरीन मोहमदी यांच्या बाबतीत तर गोष्ट आणखी विलक्षण आहे. आज जगातील मोठमोठी संग्रहालये त्यांची छायाचित्रे भिंतीवर लावतात; परंतु स्वतः नसरीन यांनी हयातीत आपले एकही छायाचित्र प्रदर्शनात मांडले नाही.

नसरीन यांचा जन्म १९३७ मध्ये कराचीत झाला. घराणे मुंबईच्या प्रसिद्ध तय्यबजी परिवाराशी संबंधित, सुशिक्षित आणि सुस्थितीतले. आई त्या अगदी लहान असतानाच वारली. १९४४ मध्ये कुटुंब मुंबईत आले. वडील अश्रफ यांचे व्यवसाय आखाती देशांत पसरलेले होते आणि बहारीनमध्ये त्यांचे छायाचित्रणाच्या साहित्याचे दुकानही होते. कॅमेरा ही त्या काळी सर्वसामान्य घरात नवलाईची वस्तू होती, नसरीन यांच्यासाठी मात्र ती घरचीच. पुढे त्यांनी कॅमेऱ्याचा कधी गवगवा केला नाही, याचे एक कारण कदाचित हेही असावे.

१९५४ ते १९५७ या काळात लंडनच्या सेंट मार्टिन्स या कलाशाळेत शिक्षण घेऊन त्या परतल्या आणि मुंबईच्या वॉर्डन रोडवरील भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये काम करू लागल्या. आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांचा खटला लढविणारे विख्यात वकील भुलाभाई देसाई यांचा हा समुद्रकाठचा बंगला. त्यांच्या पश्चात तो कलावंतांसाठी खुला झाला होता. एका खोलीत चित्रकार, दुसरीकडे पंडित रविशंकर यांची संगीतशाळा, गच्चीवर इब्राहिम अल्काझी यांची नाटके, असा तो मेळ होता. एकमेकांच्या दारात सहज डोकावता यावे, अशी ती जागा. गच्चीवर नाटके बसविणारे अल्काझीच पुढे भारतातील जुन्या छायाचित्रांचे फार मोठे संग्राहक झाले, हा योगायोगही नोंदविण्याजोगा आहे. मकबूल फिदा हुसेन, तय्यब मेहता यांचा वावर तेथे होता. पण नसरीन यांच्यावर सर्वांत खोल ठसा उमटविला तो वासुदेव गायतोंडे यांनी. १९२४ मध्ये नागपुरात जन्मलेले गायतोंडे अत्यंत मितभाषी होते. चित्रातून माणसे, झाडे, घरे हळूहळू वजा करीत ते केवळ रंग आणि अवकाश यांच्याकडे निघाले होते. नसरीन यांनी हीच वाट धरली आणि रंगही मागे टाकला.

बाळ छाबडा यांनी सुरू केलेल्या 'गॅलरी ५९' मध्ये १९६१ साली नसरीन यांचे पहिले एकल प्रदर्शन झाले. त्याच वर्षी शिष्यवृत्ती मिळून त्या पॅरिसला गेल्या आणि १९६३ पर्यंत तेथे राहिल्या. पुढील काळात बहारीन, कुवेत, इराण, तुर्कस्तान, जपान असा त्यांचा प्रवास झाला. १९७० मध्ये त्या दिल्लीत स्थायिक झाल्या. १९७२ मध्ये बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विभागात अध्यापिका म्हणून रुजू झाल्या आणि अखेरपर्यंत तेथेच शिकवीत राहिल्या.

बडोद्यात त्यांचे काम ठरले. कॅनव्हास आणि तैलरंग बाजूला पडले. आराखडे काढण्याचा उतरता मेज, मोजपट्टी, शाईचे बारीक टोकाचे पेन, पेन्सिल आणि कागद एवढीच सामग्री. कागदावर एकमेकींना समांतर, तिरप्या, हळूहळू विरळ होत जाणाऱ्या शेकडो रेषा. घरही तसेच, मोजक्या सामानाचे, मोकळ्या भिंतींचे. चित्रांना त्या शीर्षक देत नसत. बहुतेकांवर तारीखही नाही.

त्या काळातील बडोद्याचे वारे नेमके उलट दिशेने वाहत होते. गुलाममोहम्मद शेख, भूपेन खक्कर आदी चित्रकार पुन्हा माणसाच्या गोष्टीकडे, गल्लीबोळांकडे, रोजच्या जगण्याकडे वळले होते. १९८१ मध्ये 'प्लेस फॉर पीपल' या गाजलेल्या प्रदर्शनात ही भूमिका उघडपणे मांडली गेली. त्यात मुंबईहून सुधीर पटवर्धन आणि नलिनी मलानीही होते. मित्रमंडळी हीच, पण नसरीन यांच्या कागदावर माणसाला जागा नव्हती. गोष्टीवेल्हाळ चित्रकारांच्या गावात राहून एकही गोष्ट न सांगण्याचा हट्ट त्यांनी जवळपास दोन दशके निभावला. त्याची किंमतही मोजली. देशात त्यांच्या कामाची चर्चा कलावर्तुळाबाहेर फारशी झाली नाही, आणि विक्रीचे तर नावच नको.

या सर्व काळात कॅमेरा सोबत होता. फत्तेपूर सिक्रीची दगडी प्रांगणे, चंदीगडच्या काँक्रीटच्या भिंतींवर पडलेल्या सावल्या, जपानमधील रस्त्यांवरचे पांढरे पट्टे, आखातातील वाळवंट, मागावर ताणलेले धागे, हे त्यांचे विषय. आणि पुन्हा पुन्हा किहीम. अलिबागजवळच्या या गावी तय्यबजी परिवाराची घरे होती. याच किहीममध्ये १९३० साली पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांनी सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा आणि विणीचा सुप्रसिद्ध अभ्यास केला होता. नसरीन मात्र येथे पाहत होत्या ती ओहोटी. पाणी मागे सरताना ओल्या वाळूवर जे चर, जी वळणे, ज्या चकाकत्या कडा उरतात, त्यांची त्यांनी छायाचित्रे घेतली.

या छायाचित्रांतील युक्ती समजून घेण्यासारखी आहे. समुद्राचे चित्र म्हटले की वर आकाश, मध्ये क्षितिज आणि खाली पाणी ही मांडणी आपण गृहीत धरतो. नसरीन कॅमेरा खाली वळवितात आणि क्षितिज चौकटीबाहेर जाते. क्षितिज गेले की अंतराचा अंदाज जातो. शेजारी माणूस वा होडी नसली की आकाराचाही जातो. मग समोर दिसणारा चर वीतभर आहे की विमानातून दिसणारे नदीचे पात्र, हे सांगता येत नाही. त्यात काळ्या-पांढऱ्याचा गडद विरोध. वाळू ही वाळू राहत नाही, ती रेषा होते. सुरुवातीच्या काही छायाचित्रांत दूरवर एखादी मानवी आकृती आढळते. पुढे तीही नाहीशी झाली.

युरोपात दोन महायुद्धांच्या दरम्यान मोहोली-नॉज, रॉडचेन्को आदींनी असेच प्रयोग केले होते. अमेरिकेत त्याही आधी आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांनी १९०५ मध्ये न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवर छोटे कलादालन उघडून छायाचित्राला चित्राच्या पंक्तीत बसविले. भारतात मात्र छायाचित्रकार म्हणजे लग्नकार्याचा, वृत्तपत्राचा किंवा फार तर राजेरजवाड्यांचा, ही समजूत दीर्घकाळ टिकली. भिंतीवर टांगण्याजोगे छायाचित्र विकणारी दालनेच येथे नव्हती. त्यामुळे नसरीन यांनी छायाचित्रे दाखविली नाहीत की दाखवायला जागाच नव्हती, असा प्रश्न कोणी उपस्थित केल्यास तो अगदीच गैरलागू ठरत नाही. तथापि, मुंबई-दिल्लीत रेखाचित्रांची प्रदर्शने करणाऱ्या कलावंताला चार छायाचित्रे सोबत लावणे अवघड नव्हते. त्यांनी ती लावली नाहीत.

त्यांच्या रोजनिशांतही हीच दृष्टी दिसते. छापील दिनदर्शिकेच्या पानांवर तुटक नोंदी करून त्यांतील काही ओळी त्या शाईने झाकून टाकीत, आणि त्या झाकण्यातूनच पानावर पट्ट्यांची एक रचना उभी राही.

अखेरच्या वर्षांत मज्जासंस्थेच्या दुर्धर विकाराने त्यांना गाठले. शरीराच्या हालचालींवरील ताबा हळूहळू सुटत गेला. चालणे अवघड झाले, हात थरथरू लागला. ज्यांची सारी साधना सरळ रेषेवर उभी होती, त्यांच्यावर नियतीने हा घाला घालावा, याहून क्रूर गोष्ट कोणती? पण याच काळातील रेखाचित्रे पाहिली तर थरकापाचा मागमूस लागत नाही. मोजपट्टी आणि आखणीच्या उपकरणांच्या आधाराने, जिद्दीने त्या रेषा ओढीत राहिल्या. उलट त्या अधिक कमी, अधिक नेमक्या होत गेल्या. कोऱ्या कागदावर अधांतरी तरंगणारे एखाद-दोन कर्ण किंवा कमानी, एवढ्यावर चित्र पूर्ण होऊ लागले. पन्नाशी ओलांडून थोडीच वर्षे झाली असताना, १९९० मध्ये त्यांचे निधन झाले.

कीर्ती आली ती त्यानंतर, आणि बरीचशी परदेशातून. नव्या शतकाच्या सुरुवातीस न्यूयॉर्कमधील तलवार गॅलरीने त्यांच्या छायाचित्रांकडे लक्ष वेधले. २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या 'ड्रॉइंग सेंटर'मध्ये रेखाचित्रे लागली. २००७ मध्ये जर्मनीतील कासेल येथील बाराव्या 'डॉक्युमेंटा'त त्यांचा समावेश झाला. दिल्लीच्या किरण नाडर संग्रहालयाने २०१३ मध्ये त्यांच्या कार्याचा समग्र आढावा घेणारे प्रदर्शन भरविले. त्याची मांडणी करणाऱ्या रुबिना करोडे या बडोद्यातील त्यांच्याच विद्यार्थिनी. २०१५ मध्ये माद्रिदच्या रेना सोफिया संग्रहालयात आणि मार्च २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने 'मेट ब्रॉयर' ही नवी वास्तू खुली केली तेव्हा, उद्घाटनाच्या पहिल्या प्रदर्शनांपैकी एक नसरीन यांचे होते. संग्रामपूरसारख्या तालुक्याच्या गावातून शेगावला जाऊन मुंबईची गाडी पकडणाऱ्या रसिकाला हे सारे फार दूरचे वाटेल; पण संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर त्यांच्या काही कलाकृती घरबसल्या पाहता येतात.

येथे एक पेच उरतो. ही छायाचित्रे म्हणजे स्वतंत्र कलाकृती की रेखाचित्रांपूर्वीची टिपणे? जाणकारांत याबाबत एकमत नाही. टिपणे म्हणावीत, तर त्यांतील चौकटीची काटेकोर निवड निव्वळ टिपणाला शोभणारी नाही. कलाकृती म्हणावीत, तर त्या निर्मातीने कधी पुढे केल्या नाहीत. कलामेळ्यात प्रत्येक वस्तूला पाटी लागते; नाव, वर्ष, माध्यम आणि विचारल्यास किंमत. नसरीन यांच्या पाटीवर नावाच्या जागी 'शीर्षकहीन' आणि वर्षाच्या जागी 'सुमारे' असे लिहावे लागते. शिवाय छायाचित्राची कलावंताच्या हयातीतील प्रत कोणती आणि नंतरची कोणती, हा भेद बाजारात मोलाचा असतो. तो ग्राहकाला स्पष्ट सांगणे हे दालनाचे कर्तव्यच ठरते.

बाजाराने हात लावला म्हणून छायाचित्रांची शुचिता भंगली, असे मानण्याचे कारण नाही. ती कपाटात पडून राहिली असती तर दमट हवेने केव्हाच खाल्ली असती. मात्र ज्या गायतोंडे यांच्याकडून नसरीन यांनी मौन शिकले, त्यांचे एक चित्र डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईतील लिलावात २३ कोटी ७० लाख रुपयांना विकले गेले आणि त्यानंतर गायतोंडे म्हटले की आधी आकडाच आठवू लागला. किहीमच्या ओल्या वाळूचे ते लहानसे छायाचित्र अजून त्या आकड्यांपासून बरेच लांब आहे. मेळ्यातील गर्दीत ते नजरेस पडलेच, तर पाटी वाचण्यापूर्वी क्षणभर जवळ जाऊन पाहावे, तो चर केवढा असेल ते.