गिअरची खरखर आणि एमिल लव्हासोर

अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात रोल्स-रॉईसची 'सिल्व्हर घोस्ट' ही चिलखती गाडी उभी आहे. अशा गाडीत गिअर टाकणे ही शिकून घ्यायची विद्या होती. त्या विद्येचे मूळ एमिल लव्हासोर या फ्रेंच अभियंत्याच्या कामात आहे.

१८४३ मध्ये जन्मलेला लव्हासोर रेने पानारसोबत पॅरिसमध्ये लाकूडकामाची यंत्रे बनवणाऱ्या कारखान्यात भागीदार होता. डाइमलर इंजिनाचे फ्रान्समधील हक्क लुईझ साराझें या विधवा बाईंकडून कारखान्याला मिळाले. १८९० मध्ये दोघांनी लग्न केले. पुढच्याच वर्षी त्याने इंजिन गाडीच्या पुढच्या बाजूस आणले आणि त्यामागे क्लच, मग गिअर असा क्रम लावला. कितीतरी गाड्यांनी पुढे हाच क्रम उचलला.

गिअर बदलायचा म्हणजे दातेरी चाक दांड्यावरून सरकवून दुसऱ्या फिरत्या चाकात घुसवायचे. दोघांचे वेग जुळले नाहीत तर दात एकमेकांवर आदळत. पद्धत रांगडी आहे, पण चालते, असे तो स्वतःच म्हणे, असे सांगतात. आपल्याकडचे जुने ट्रकचालक ज्याला डबल क्लच म्हणतात, तो याच धडकेवरचा उपाय. १९२८ मध्ये कॅडिलॅकने सिंक्रोमेश आणले. त्यात चाके जोडली जाण्याआधी घर्षणाने त्यांचे वेग जुळतात.

जुन्या गाडीत गिअर पडेना, की लोक थेट गिअरबॉक्स खोलायला निघतात. ही घाई महागात पडते. इंजिन बंद असताना सगळे गिअर अलगद पडतात आणि चालू केल्यावर पडत नाहीत, तर बहुधा क्लच पूर्ण सुटत नसतो. इंजिन बंद ठेवून, गाडी जराशी पुढेमागे ढकलूनही गिअर अडत असेल, तर दांड्याचे जोड आणि झिजलेले बुश तपासावेत. सिंक्रोमेशच्या गाडीत एकाच गिअरला खरखर होत असेल, तर त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजलेली असू शकते.

जून १८९५ मध्ये पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत लव्हासोर उतरला तेव्हा तो ५२ वर्षांचा होता. ठरलेल्या ठिकाणी तो वेळेआधीच पोहोचला. बदली चालक अजून झोपलेलाच होता, म्हणून तो स्वतःच पुढे निघाला. सुमारे ११७८ किलोमीटर त्याने ४८ तास ४८ मिनिटांत कापले, सरासरी ताशी २४ किलोमीटर. दोन रात्रींची झोप गमावून तो सर्वांआधी पोहोचला, पण गाडी दोन आसनांची असल्याने पहिले बक्षीस चार आसनांच्या प्यूजोला गेले.

पुढच्या वर्षी पॅरिस-मार्सेय शर्यतीत कुत्र्याला वाचवताना त्याची गाडी उलटली. तेव्हा सीटबेल्ट नव्हतेच. तो बाहेर फेकला गेला. त्या दुखापतीतून तो पुरता सावरला नाही. १४ एप्रिल १८९७ रोजी, ५४ व्या वर्षी त्याचे निधन झाले. पॅरिसच्या पोर्त मायो भागातील स्मारकात तो अजून गाडीतच आहे, दगडात कोरलेला.